बाईसाहेबांची कोरी पिशवी

शिडीमामा आणि बाईसाहेब यांची पहिली भेट झाली तेव्हा जनावरांच्या बाजारातले सगळे सौदे काही वेळ बंद पडले होते, असं शिडीमामा सांगायचा. वारा पडला, बैलांनी रवंथ थांबवलं आणि एक दलाल भाव सांगायला उघडलेलं तोंड तसंच उघडं ठेवून उभा राहिला. या हकिकतीत वर्षागणिक भर पडत गेली. सुरुवातीला बाईसाहेबांनी नुसती त्याची टोपी खाल्ली होती. पुढे टोपीबरोबर खिशातला रुमाल गेला, मग खांद्यावरचा पंचा गेला, आणि गाडीतळावर अगदी अलीकडे ऐकलेल्या हकिकतीप्रमाणे घोडीने त्याला कॉलरला धरून उचललं, बाजाराला एक फेरी मारून आणलं आणि होता तिथे नीट परत ठेवलं. आता शिडीमामाला कॉलरला धरून उचलायचं तर कुठल्याही घोडीला आधी स्टुलावर चढावं लागलं असतं. माणूस असा उंच आणि असा बारीक, की विजेच्या खांबावर काम करणारे लोक त्याला लांबून येताना पाहून "चला, शिडी आली" म्हणून उठायचे. त्यावरून त्याला शिडी म्हणायला लागले, आणि गावातल्या पोरांनी पुढे मामा जोडून त्याला नात्यात घेतलं.

खरं काय झालं ते त्याच्या बायकोला ठाऊक होतं, कारण संध्याकाळी दार तिने उघडलं होतं. शिडीमामा बाजाराला गेला होता तो गाडीचं जुनं चाक आणायला. त्या वेळी तो दुसऱ्याची घोडागाडी हाकायचा आणि त्याची स्वतःची, मोडीच्या बाजारातून उचललेली गाडी एका चाकावर अंगणात कलंडून पडली होती. तो परत आला तो चाकाशिवाय, टोपीशिवाय, लंगडत, आणि मागे एक लालसर तपकिरी घोडी.

"गाडीला चाक नाही," बायको म्हणाली, "आणि तुम्ही घोडी आणलीत."

"चाक काय, कुठेही मिळतं," शिडीमामा म्हणाला. "हिने मला पसंत केलंय."

पसंती म्हणजे एवढीच, की घोडीने त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर खूर ठेवला आणि काढला नाही. त्याने विनंती केली, मालकाने काठी दाखवली, बघ्यांनी सल्ले दिले. घोडी लांब कुठेतरी बघत, साडीच्या दुकानात एकही साडी मनास न आलेल्या बाईसारखी उभी होती. शेवटी विकत घेतो म्हटल्यावर तिने पाय उचलला. त्या अंगठ्याला पुढे कधी नख आलं नाही. शिडीमामा तो अंगठा अंगठीसारखा मिरवायचा.

तेव्हापासून गावात एक उलटाच प्रकार सुरू झाला. घोडीला सगळे अहो-जाहो करायचे आणि मालकाला अरे-तुरे. "काय रे शिडी, बाईसाहेब जेवल्या का?" "बाईसाहेबांना आज बरं नाही वाटतं?" यात निम्मी थट्टा होती, पण निम्मी नव्हती. बाईसाहेब खरोखरच तशा होत्या. डबक्यात पाय घालायच्या नाहीत. दुसऱ्या घोड्याने तोंड लावलेल्या बादलीतलं पाणी प्यायच्या नाहीत. आणि रोज सकाळी शिडीमामा खरारा करायला लागला, की आधी डावी बाजू पुढे करायच्या. उजवीकडून सुरुवात केली तर भिंतीला टेकून त्याला मधे दाबून धरायच्या.

गाव लहान होतं आणि त्याला रस्ता म्हणावा असा एकच होता. स्टेशनापासून निघायचा, बाजारातून चढायचा आणि चढावाच्या टोकाला हवा पालटायला येणाऱ्यांच्या विश्रामगृहांपाशी संपायचा. बाजारात तो इतका चिंचोळा होता, की मोटार शिरली तर दोन्हीकडच्या दुकानदारांना आपापली पायरी आत घ्यावी लागली असती. म्हणून घोडागाड्या टिकल्या होत्या. आणि घोडागाड्या होत्या म्हणून लीद होती.

लीद या विषयावर गावात दोन पक्ष होते. गाडीवानांच्या मते ती घाण नव्हतीच; गवतच ते, जरा फिरून आलेलं. दुकानदारांचं म्हणणं वेगळं होतं. थंडीत ती वाफा सोडत पडायची आणि औषधवाल्याच्या दुकानात कोणी खोकल्याचं औषध विचारायला आलं, की आधी दारातच नाक दाबायचं. उन्हाळ्यात ती वाळायची, चाकांखाली भुगा व्हायची आणि वाऱ्याबरोबर पिवळी होऊन कापडवाल्याच्या पांढऱ्या ताग्यांवर जाऊन बसायची. कापडवाल्याने गेली कित्येक वर्षं पांढरा तागा पांढरा म्हणून विकला नव्हता, सायीच्या रंगाचा म्हणून विकला होता. पावसात काय व्हायचं ते न सांगितलेलं बरं. सायकलवरून येणाऱ्या पोस्टमनला त्याबद्दल विचारावं, आणि विचारताना त्याच्या पुढच्या दातांकडे बघू नये.

दुकानदार शिव्या द्यायचे, गाडीवान उलटून बोलायचे आणि पालिकेचा मुकादम शिट्टी वाजवत मधे यायचा. मुकादम हा एक गोल, छोटा, घामेजलेला माणूस. रस्त्यावरची लीद बघून ती कोणत्या घोड्याची हे आपण सांगू शकतो, असा त्याचा दावा होता. खाली वाकायचा, डोळे बारीक करायचा आणि निकाल द्यायचा. "बहिऱ्याचा पांढरा घोडा. काल कोंडा जास्त झालाय." लोक हसायचे. पण निकाल बहुधा बरोबर निघायचा, आणि पुढे हीच गंमत गाडीवानांच्या गळ्याशी आली.

कारण पालिकेत नवे आरोग्यसाहेब बदलून आले. ते स्टेशनात उतरले, गाडीतळाकडे निघाले आणि त्यांनी गावात टाकलेलं पहिलं पाऊल मऊ लागलं. बूट नवे होते. साहेब तरुण होते, मनाने वाईट नव्हते, आधीच्या गावी त्यांनी डास हटवले होते असं म्हणत. त्यांनी बूट पुसला, रस्त्याकडे वरपर्यंत पाहिलं आणि महिन्याभरात नियम काढला. प्रत्येक घोड्याला मागच्या बाजूला लिदीची पिशवी बांधायची. पिशवी गाडीवानाने रिकामी करायची, पालिकेने ठरवलेल्या खड्ड्यात. रस्त्यावर लीद सापडली तर मुकादमाने घोडा ओळखायचा. पहिल्या खेपेला ताकीद, दुसऱ्या खेपेला लेखी ताकीद, तिसऱ्या खेपेला परवाना रद्द.

गाडीतळावर पहिला दिवसभर हसण्यात गेला. "आता घोड्यांना लंगोट." "मुकादम, तुमच्यासाठी पण एक शिवायला टाकू का?" हसणं थांबलं ते बहिऱ्यामुळे. बहिरा हा गाडीतळावरचा सगळ्यात जुना गाडीवान. त्याला नियम नीट ऐकू आला नाही आणि ऐकू आला तेवढा पटला नाही. त्याने पिशवी बांधली नाही. तिन्ही ताकिदी भराभर पार पडल्या आणि परवाना गेला. परवान्याशिवाय घोडा म्हणजे दाराशी उभं राहून खाणारं तोंड. पांढरा म्हातारा होता. त्याला कोण घेणार? घेणारा एकच होता, तो म्हातारी जनावरं हाडं-कातड्यासाठी नेणारा हाडंवाला. त्याचा ताडपत्री लावलेला ट्रक अधूनमधून गावात यायचा. हाडंवाला दिसायला सज्जन, बोलायला गोड. पांढऱ्याला त्याने थोपटत थोपटत फळीवरून वर चढवला. बहिरा बाजूला उभा राहून दोर गुंडाळत होता. ट्रक हलला तेव्हा त्याने तो दोर ट्रकमध्ये फेकायचा का घरी न्यायचा हे त्याला ठरवता येईना.

जाता जाता हाडंवाल्याने बाईसाहेबांच्या मानेवरून हात फिरवला. दात बघितले. "वय झालंय," तो प्रेमाने म्हणाला. "मामा, कधी वाटलं तर आठवण ठेवा."

शिडीमामाने त्या रात्री जेवताना ताट पुढे सरकवलं. "काय वाट्टेल ते होऊ दे," तो बायकोला म्हणाला, "पण माझी घोडी त्या ट्रकमध्ये चढणार नाही."

"मग पिशवी बांधा आणि गप्प बसा," बायको म्हणाली. "मी शिवते."

ती शिवणकाम करायची. खिडकीशी मशीन, भिंतीवर खिळ्यांना लटकलेले अर्धे झगे, जमिनीवर कायम चिंध्या. तिने दुकानाच्या जुन्या कनातीचं जाड कापड घेतलं, आतून मेणकापड लावलं, कडेला दुहेरी टीप मारली, आणि हाताला सवयच होती म्हणून एका कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने एक फूल काढलं. शिडीमामा मापं घ्यायला गेला तेव्हा बाईसाहेबांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं. पण पिशवी झाली सुरेख. इतकी सुरेख, की सगळा गाडीतळ तिच्याकडेच पिशव्या शिवायला आला. काहींनी फुलाचीही फर्माईश केली.

बाकीचे घोडे आठवड्याभरात रुळले. घोडा हा तसा सरळ प्राणी. मागे काय बांधलंय याची त्याला फारशी चौकशी नसते. बाईसाहेबांना होती. पहिल्या दिवशी त्यांनी लाथ घातली ती गाडीच्या फळीला भोक पाडून गेली. दुसऱ्या दिवशी त्या हलल्याच नाहीत. स्टेशनातून आलेलं एक कुटुंब सामानासकट गाडीत बसून राहिलं, त्यातल्या आजीबाई तिथेच डबा उघडून जेवल्या. मग एका सकाळी बाईसाहेबांनी पिशवी बांधू दिली. शेपटीही हलवली नाही. दिवसभर गाडी ओढली. संध्याकाळी शिडीमामाने तबेल्यात पिशवी सोडली तर ती आतून कोरी. त्याने पिशवी बाजूला ठेवली मात्र, बाईसाहेबांनी पाठ वळवली आणि एक दिवसाचं साठलेलं सगळं एकदम जमिनीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

शिडीमामाला आनंदाने काय करावं सुचेना. त्याने बायकोला हाताला धरून तबेल्यात आणलं. "बघ, बघ. याला म्हणतात खानदान. पिशवीत करणं त्यांच्या रीतीत बसत नाही. घरी येईपर्यंत दम धरतात."

बायकोने ढिगाकडे बघितलं. "अहो, जनावराने इतका वेळ धरून ठेवणं बरं नव्हे."

"आपण नाही का धरत प्रवासात?"

"आपण दिवसभर गवत खात नाही."

पण शिडीमामा ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. गाडीतळावर तो पिशवी उलटी करून दाखवायला लागला. लोक आपापल्या मुलांची गुणपत्रिका दाखवतात तशी. "हुंगून बघ," तो म्हणायचा. "हुंग की. लाजतोस काय?" बाकीचे गाडीवान त्याची भरपूर खेचायचे. "शिडी, तुझी घोडी लीद टाकत नाही, ती बहुतेक पोस्टाने पाठवते." "अरे, ती पिशवी फुकट घालवू नकोस, भाजी आणत जा तिच्यातून." तो हसायचा आणि त्याची मान आणखी वीतभर वर जायची.

ही वार्ता आरोग्यसाहेबांच्या कानावर गेली. ते स्वतः आले, पिशवी पाहिली आणि खरोखर खूश झाले. दुसऱ्या आठवड्यात गाडीतळाच्या भिंतीवर एक पाटी लागली. तिच्यावर रंगाऱ्याने एक घोडा काढला होता. तो घोड्यापेक्षा सोफ्यासारखा दिसत होता, पण रंग लालसर तपकिरी होता आणि पिशवीवर निळं फूल होतं. खाली लिहिलं होतं, "स्वच्छ घोडा, स्वच्छ गाव." शिडीमामा पाटीसमोरून जाताना गाडी हळू करायचा. प्रवाशांना सांगायचा, "ही हीच." प्रवासी आधी पाटीकडे आणि मग बाईसाहेबांच्या मागच्या बाजूकडे बघायचे, आणि काय बोलावं ते न सुचून "वा" म्हणायचे.

मग उन्हाळा आला, आणि त्याबरोबर हवा पालटायला येणाऱ्यांचे लोंढे. फेऱ्या वाढल्या. घरी यायला उशीर व्हायला लागला. एका दुपारी, नेमकं पालिकेच्या दारासमोर, बाईसाहेबांना दम निघेना. त्यांनी कंबर अशी काही झटकली की पिशवी एका बाजूला घसरली, आणि स्वच्छ घोड्याने स्वच्छ गावाच्या मुख्य कचेरीच्या पायरीशी जे टाकायचं ते टाकलं. मुकादमाला वाकून बघायचीही गरज नव्हती.

पहिली ताकीद झाली. गाडीतळाला हसायला महिन्याभराचा मसाला मिळाला. शिडीमामाला हसू आलं नाही. चारच दिवसांनी औषधवाल्याच्या दारात पुन्हा तेच झालं, आणि या वेळी लेखी ताकीद आली. कागद द्यायला मुकादमच आला. तो कागद हातात न देता त्याने कट्ट्यावर ठेवला.

"शिडी, साहेबांनी सांगितलंय, पाटीवरच्या घोड्याला सूट दिली तर बाकीचे काय म्हणतील. आता एकदा जरी झालं..."

"माहीत आहे."

"मी डोळेझाक केली असती रे. पण सगळं गाव तिची ओळखतं आता. तूच दाखवत फिरलास."

त्याच आठवड्यात हाडंवाल्याचा ट्रक स्टेशनासमोर उभा होता. हाडंवाला चहा पीत होता. त्याने शिडीमामाला नुसता हात केला.

घोड्याचं पोट ही कशी चीज आहे, हे शिडीमामाला कोणी शिकवायला नको होतं. त्याचा बाप गाडीवान, आजा गाडीवान. ते पोट थोडं थोडं खात, थोडं थोडं टाकत, अखंड चालतं राहावं लागतं. थांबलं की घोडा थांबला. नवीन गाडीवानाला तो हेच पहिलं सांगायचा. पाणी तोडू नको, गवत तोडू नको. हे सगळं माहीत असून त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेबांच्या पुढचं गवत उचललं. पोटात नसेल तर येईल कुठून, असा साधा हिशेब त्याने मनाशी केला. मोसम संपेपर्यंतच तर प्रश्न आहे. रात्री दुप्पट देऊ. पाण्याचंही तेच, सकाळी दोन घोट, मग संध्याकाळी पोटभर.

बाईसाहेब रिकाम्या गव्हाणीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो बाई, तुमच्यासाठीच करतोय," शिडीमामा म्हणाला, आणि खराऱ्याला लागला. त्या दिवशी त्याने चुकून उजवीकडून सुरुवात केली. बाईसाहेबांनी त्याला दाबून धरलं नाही. ही गोष्ट त्याच्या लक्षात आली, आणि त्याने ती लक्षात आली नाही असं केलं.

उपाय मात्र लागू पडला. पिशवी पुन्हा कोरी राहायला लागली. रस्ता कोरा राहायला लागला. पण संध्याकाळी तबेल्यातही फारसं काही पडेना. पडायचं ते लहान, काळपट, कडक. शिडीमामा ते फावड्याने पटकन गोळा करून बाहेर टाकायचा, बायकोच्या नजरेस पडू नये म्हणून. पण बायकोच ती. ती एका सकाळी तबेल्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"बादली भरलेली आहे."

"हो."

"म्हणजे पाणी प्यायल्या नाहीत का तुम्ही दिलं नाहीत?"

शिडीमामा साजाचे पट्टे आवळत राहिला.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"परवाना गेला तर काय होईल माहीत आहे ना तुला? बहिऱ्याचा पांढरा बघितलास ना?"

"बघितला. त्याला निदान पोटभर खायला घालून नेला होता."

शिडीमामाने गाडी जोडली आणि तो निघून गेला. जेवायला दुपारी घरी आला नाही.

व्हायचं ते त्याच दुपारी झालं. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. गाडीत विश्रामगृहाला निघालेलं एक नवं जोडपं आणि त्यांच्या पेट्या होत्या. बाजाराच्या चढावर, कापडवाल्याच्या दुकानापाशी बाईसाहेब थांबल्या. शिडीमामाने तोंडाने आवाज केला. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि पुन्हा थांबल्या. मग मान वळवून त्या आपल्याच पोटाकडे बघायला लागल्या. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. पुढच्या पायाने त्यांनी दगडी रस्ता खरवडला. मानेवर घाम फुटला आणि गाडीच्या दांड्यांमध्येच त्यांचे गुडघे वाकायला लागले.

शिडीमामाने उडी मारली. "उतरा," तो जोडप्याला म्हणाला. "लगेच उतरा." त्याने पट्टे सोडले, दांड्या खाली टाकल्या, पिशवीच्या गाठी सुटेनात म्हणून दाताने ओढल्या. पिशवी रस्त्याच्या कडेला पडली. निळं फूल वर होतं.

जनावरांचा डॉक्टर जवळच्या शहरात होता. औषधवाल्याने फोन लावला. डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते, संध्याकाळपर्यंत येतील. गावातल्या दवाखान्यातला कंपाउंडर धावत आला, त्याने पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"काही आवाजच नाही. पोटशूळ आहे. हिला बसू देऊ नका. चालवत राहा. लीद टाकली तर वाचेल."

मग बाजारात जे चाललं ते त्या गावाने कधी पाहिलं नव्हतं. शिडीमामा पुढे, हातात लगाम, मागे घोडी, कापडवाल्यापासून औषधवाल्यापर्यंत आणि तिथून परत. दुकानदार पायऱ्यांवर आले. गिऱ्हाइकं सौदा सोडून बाहेर आली. गाडीवान आपापल्या गाड्या तळावर टाकून आले आणि दोन्ही बाजूंनी घोडीला खांद्याने आधार देत चालायला लागले. ज्या रस्त्यावर लीद पडू नये म्हणून पाटी लागली होती, त्या रस्त्यावर सगळा बाजार एका लिदीची वाट बघत उभा राहिला. सगळ्यांचे डोळे एकाच जागी.

"टाका बाईसाहेब," कापडवाला हलक्या आवाजात म्हणाला. त्याच्या हातात अर्धवट गुंडाळलेला पांढरा तागा तसाच होता. "माझ्या पायरीवर टाका. मी काही म्हणणार नाही."

"इकडे चालेल," औषधवाला म्हणाला. "दारात चालेल."

मुकादम गर्दीतून पुढे आला. त्याने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि घोडीच्या मागोमाग, थोडं वाकून, चालायला लागला. "येतंय," तो मधेच म्हणायचा. "थांबा, येतंय बहुतेक." आणि काही यायचं नाही.

बादलीभर पाणी आलं. घोडीने ओठ ओले केले आणि तोंड फिरवलं. शिडीमामाची बायको चपला न घालताच धावत आली होती. तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती घोडीच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिच्या मानेखाली हात घालून चालायला लागली. बोटात अजून शिवणाचं अंगुस्तान होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा घोडी थांबली, शेपटी उचलली, आणि मुकादम गुडघ्यांवर बसला. एक खडा पडला. सुपारीएवढा, काळा, त्यावर पांढरा चिकट पदर. गर्दीतून सुटकेचा मोठा आवाज आला, कोणीतरी टाळीही वाजवली. बहिऱ्याला काय चाललंय ते कळलं नव्हतं, त्याला कोणीतरी ओरडून सांगितलं, "टाकली, टाकली." मुकादमाने तो खडा तळहातावर घेतला. दोन बोटांनी फोडायचा प्रयत्न केला. फुटला नाही. तो उभा राहिला आणि त्याने शिडीमामाकडे बघितलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला निकाल द्यावासा वाटला नाही.

"चाल ग," शिडीमामा म्हणाला. "आणखी थोडं. अगं, चाल ना."

ती औषधवाल्याच्या दारापर्यंत चालली. तिथे तिचे पुढचे पाय दुमडले. गाडीवानांनी खांदे लावले, पण घोडी पडायची ठरवते तेव्हा खांदे पुरत नाहीत. ती आधी बसली, मग आडवी झाली. लोळण घेतली, पाय झाडले. एक लाथ औषधवाल्याच्या फळीला लागली आणि बाटल्या हलल्या. शिडीमामा तिच्या डोक्याशी बसला होता. त्याने ते मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला. ते फार जड होतं. तिने एकदा त्याच्या शर्टाची कॉलर दातांत धरली. धरून ठेवली. मग सोडली.

डॉक्टर संध्याकाळी आले. त्यांनी डोळा उघडून पाहिला आणि बॅग उघडलीच नाही. "पाणी कमी पडलं होतं का हिला?" त्यांनी विचारलं. शिडीमामा तिच्या मानेवरचा वाळलेला घाम पुसत राहिला. त्याच्या बायकोने बोटातलं अंगुस्तान काढलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही.

मेलेलं जनावर उचलायला पालिकेकडे एकच गाडी होती आणि ती ओढायला दोन घोडे लागायचे. गाडीवानांपैकी कोणी त्या कामाला आपला घोडा जोडायला तयार होईना. घोडी रात्रभर औषधवाल्याच्या दारात होती. कापडवाल्याने पांढरा तागा उलगडून तिच्यावर घातला. सायीच्या रंगाचा नव्हे. आतल्या कपाटातला, खरा पांढरा.

आरोग्यसाहेब सकाळी आले. बाजाराचा चढ चढत होते ते थांबले, टोपी काढली. शिडीमामाशी काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात होतं. "आपण ती पाटी..." एवढं म्हणून ते थांबले. शिडीमामाने वाक्य पुरं करायला मदत केली नाही.

दुपारी हाडंवाल्याचा ट्रक आला. दुसरा कोणी येणारच नव्हता. हाडंवाला वाईट वाटल्यासारखं बोलला, आणि कदाचित त्याला वाईट वाटतही असेल. ट्रकच्या फळीवरून घोडीला चढवायला आठ-दहा माणसं लागली. दोर बहिऱ्याने आणला. शिडीमामाने मागचा डावा पाय धरला होता. फळीवर त्याचा अंगठा, तोच, खुराखाली सापडला. त्याने पाय काढून घेतला नाही. सगळे ओरडले तेव्हा काढला.

बायकोने संध्याकाळी रस्त्याच्या कडेची पिशवी उचलून आणली. धुवायची गरज नव्हती. तिने मागचे पट्टे उसवले, वरती दोन बंद लावले आणि मशीनशेजारी चिंध्या ठेवायला टांगली.

शिडीमामा आता औषधवाल्याकडे खोकी उतरवायला जातो. उंच फळ्यांवरचं काढायला त्याला शिडी लागत नाही. पावसाळ्याच्या आधीच साहेबांची बदली झाली आणि पिशव्यांबद्दल पुढे कोणी विचारलं नाही. पाटीवरचा रंग उडाला, पाटी तशीच आहे. गाडीचा परवाना रद्द झाला नाही. मुदत संपेपर्यंत तो चालूच होता.